कठड्यावरचं मॉस

मे महिन्याच्या शेवटी भाईंदर पश्चिमेतल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर गेलात, तर कठड्याच्या सावलीच्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या बुडाशी, पाइपाच्या सांध्याजवळ एक काळपट तपकिरी, खरखरीत थर दिसतो. नखाने खरवडला तर त्याचा भुगा होतो. आगोटीच्या कामांत वॉटरप्रूफिंगवाले येतात, तेव्हा तारेच्या ब्रशने सगळ्यात आधी हाच थर उडवतात. तो उडण्याआधी त्यावर चमचाभर पाणी ओता आणि भिंग लावून बघत राहा. काही क्षणांतच हालचाल सुरू होते. आतल्या बाजूला सुरळी करून बसलेली पानं एकेक करत उलगडतात, ताठ होतात, बाहेर पसरतात. बघता बघता तपकिरीचं हिरवं होतं. आणि हे नुसतं रंग बदलणं नव्हे. महिनोन्‌महिने तापलेल्या सिमेंटवर कोरडी पडलेली ही वनस्पती पुन्हा श्वास घेऊ लागलेली असते, आणि काही तासांत ती प्रकाशातून अन्नही तयार करू लागते.

पावसाळ्यात जे हिरवं आपल्याला घसरवून पाडतं, त्यालाही आपण शेवाळ म्हणतो आणि या मखमली थरालाही. ते बुळबुळीत हिरवं म्हणजे शैवाल. त्याला ना खोड ना पान. मी सांगतेय ते मॉस. त्याला इवलंसं खोड असतं, त्याभोवती पानं असतात आणि खाली पकड घ्यायला केसांसारखे तंतू असतात. जगात त्याच्या बाराएक हजार जाती आहेत. आपल्याकडच्या सिमेंटच्या आणि चुन्याच्या भिंतींवर सर्रास आढळणारी एक म्हणजे हायोफिला इन्व्होल्युटा. वाळताना पानं आत वळवून घेणारी हीच.

तुळशीचं रोप दोन आठवडे पाण्याविना ठेवा, ते मरतं. मग पाणी घालून उपयोग नाही. मॉसच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी निघून गेलं तरी ते मरत नाही. हे त्याला जमतं कसं?

साधारण सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वी वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या, तेव्हा सगळ्यांपुढे एकच संकट होतं: कोरडी हवा. पुढे जी झाडं झाली, म्हणजे आंबा, वड, गवत, तुळस, त्यांनी पाणी राखायचा मार्ग धरला. खोल मुळं, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या, पानांवर मेणाचा थर, उघडझाप करणारी रंध्रं, ही सगळी व्यवस्था आतलं पाणी आत ठेवण्यासाठी. मॉस त्या वाटेला गेलंच नाही. त्याला खरी मुळं नाहीत. त्याचं पान बहुतेक ठिकाणी फक्त एका पेशीइतकं जाड असतं आणि त्यावर मेणाचं नाव घेण्याजोगं कवच नसतं. पाणी येतं ते पानांच्या पृष्ठभागातून आणि जातंही तिथूनच. हवा ओली तर मॉस ओलं, हवा कोरडी तर मॉस कोरडं. वाळण्याशी ते झगडत नाही, वाळून जातं. पण शिस्तीत. पाणी ओसरू लागलं की पेशींमध्ये साखर आणि काही खास प्रथिनं पाण्याची जागा भरून काढतात, आतला सगळा ऐवज काचेसारखा घट्ट होतो आणि नाजूक पडदे जागच्या जागी टिकून राहतात. पाणी परत आलं की सुरुवातीला पेशींतून थोडी गळती होते, पडदे थोडे फाटलेलेही असतात. मग दुरुस्तीचं काम सुरू होतं.

या क्षमतेची हद्द कुठवर जाते हे पाहून मी दरवेळी थक्क होते. २०१४ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर गोठलेल्या मॉसच्या थरात खोल छिद्र घेऊन एक गाभा काढला. तो प्रयोगशाळेत उबेला आणि प्रकाशात ठेवल्यावर काही आठवड्यांत दीड हजार वर्षांपूर्वीच्या थरातून नवे हिरवे कोंब फुटले. २०२५ मध्ये जपानी संशोधकांनी सांगितलं की मॉसचे बीजाणू आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला, उघड्या अंतराळात नऊ महिने ठेवून परत आणले, तर त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक जिवंत निघाले. आपल्या गच्चीवरच्या तपकिरी थराची ही भावकी आहे.

मग असं चिवट मॉस घरात आणलं की महिन्या-दोन महिन्यांत पिवळं पडून का मरतं? काचेच्या बरणीतलं देखणं हिरवं जंगल आपल्याकडे टिकत का नाही? मॉसची खरी गोष्ट मला तिथे सापडते.

प्रत्येक वेळी ओलं होणं मॉसला खर्चात पाडतं. दुरुस्तीला ऊर्जा लागते आणि ती साठवलेल्या साखरेतून जाते. ओलं झाल्यावर पहिला काही काळ मॉस खर्चच करत असतं. पुरेसा वेळ प्रकाश आणि ओल दोन्ही मिळाली, तरच ते खर्च भरून काढून नफ्यात येतं. आता विचार करा: भर दुपारी आपण प्रेमाने स्प्रेच्या बाटलीतून दोन फवारे मारतो. मॉस जागं होतं, दुरुस्तीला लागतं, आणि वीस मिनिटांत पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा वाळतं. कमाई शून्य, खर्च पुरा. असं रोज केलं तर आपण त्याला पाणी घालून घालून उपाशी मारतो. त्यापेक्षा त्याला अजिबात पाणी न देणं परवडलं.

दुसरी अडचण रात्रीची. दिवसा कमावलेलं रात्री श्वसनात खर्च होतं, आणि रात्र जितकी उबदार तितका हा खर्च मोठा. उष्ण कटिबंधातल्या सखल जंगलांमध्ये पाऊस भरपूर असूनही मॉस कमी आणि डोंगरांवर मात्र झाडंच्या झाडं मॉसने मढलेली, यामागचं एक महत्त्वाचं कारण संशोधक हेच सांगतात. माथेरान सुमारे आठशे मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. तिथल्या धुक्यात, गार रात्रींत मॉसची कमाई हातात उरते. भाईंदर समुद्रसपाटीला. जुलैतल्या आपल्या रात्री ओल्या आणि उबदार दोन्ही असतात. बंद बरणीत तर ती ओली उबदार रात्र कधी संपतच नाही. मॉस चोवीस तास जागं राहतं, कमावतं थोडं, खर्चतं जास्त, आणि अशक्त झालं की बुरशी त्याचा ताबा घेते. डोंगरावरचं मॉस भाईंदरच्या बरणीत मरतं ते काळजी कमी पडली म्हणून नव्हे. त्याला कधी झोपूच दिलेलं नसतं.

खाडीची दमट हवा त्याला पुरत असेल, असंही वाटू शकतं. ऐंशी टक्के आर्द्रतेत आपण घामाने निथळतो, पण मॉसच्या पेशींच्या दृष्टीने ती हवा अजून कोरडीच असते. तेवढ्यावर ते जागं होत नाही. त्याला लागतो पाऊस, दव, धुकं, म्हणजे प्रत्यक्ष थेंब. आणि एका अर्थी हे त्याच्या फायद्याचंच. दमट हवेत अर्धवट जागं राहून झिजण्यापेक्षा पुरतं झोपणं बरं.

म्हणून भाईंदरमध्ये मॉस पाळायचं असेल तर माझं मत ठाम आहे: दुकानातलं नको, डोंगरावरचं तर नकोच. आपल्याच इमारतीच्या भिंतीवरचं घ्या. त्याने इथला उन्हाळा, इथल्या रात्री, इथली धूळ पचवलेली आहे. वॉटरप्रूफिंगवाले खरवडून टाकणार असतील, त्याच्या आदल्या दिवशी बोथट सुरीने मूठभर काढून घ्या. तीन स्टेशनं पलीकडे बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या दगडांवरची हिरवाई पावसाळ्यात खुणावते खरी. पण राष्ट्रीय उद्यानातून कुठलीही वनस्पती काढणं हा गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी, दगडावरचा तळहाताएवढा गादीसारखा थर तयार व्हायला कित्येक वर्षं जातात.

भिंतीवरचं मॉस वाढवायला फार सामान लागत नाही. फुटक्या कुंडीचा तुकडा, जुनी वीट, जांभ्या दगडाचा एखादा चिरा, सिमेंटचा गिलावा लागलेला तुकडा, काहीही चालतं. फक्त पृष्ठभाग खडबडीत आणि पाणी शोषणारा हवा. हायोफिलासारख्या भिंतीवरच्या जातींना चुना आणि सिमेंट मानवतं, त्यामुळे आम्लधर्मी कोकोपीट वगैरेची गरज नाही. जूनमध्ये पाऊस लागला की वाळलेलं मॉस हातावर चुरडायचं आणि तो चुरा भिजवलेल्या विटेवर भुरभुरून तळव्याने दाबायचा. एवढीच पेरणी. मॉसच्या पानाच्या बारीकशा तुकड्यातूनही अख्खं रोप तयार होऊ शकतं. आधी विटेवर हिरवट, कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक तंतू पसरतात. ही मॉसची बालावस्था, प्रोटोनिमा. त्या तंतूंवर मग ठिकठिकाणी कळ्या धरतात आणि त्यांतून पानांची रोपं उभी राहतात. याला आठवडे लागतात, सलग मखमल व्हायला वर्ष-दोन वर्षं. कबुतरं उकरून टाकू नयेत म्हणून वर जाळी टाका. भाईंदरमध्ये हा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ताकात मॉस घालून मिक्सरमधून काढून भिंतीला फासायची एक पाककृती सगळीकडे फिरते. ती करू नका. आपल्या हवेत ताकावर आधी बुरशी येते, मग वास, मग मुंग्या. मॉसला दुधाची प्रथिनं नकोत आणि खतही नको. पावसाचं पाणी आणि हवेतली धूळ यांतून त्याला हवी ती खनिजं मिळतात.

वीट कुठे ठेवायची? उत्तरेकडच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, किंवा जिथे सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही तिथे. पावसाळ्यात तिच्याकडे बघायचंही कारण नाही. खरं पाणी घालायचं ते ऑक्टोबरनंतर, आणि त्यातही डिसेंबर-जानेवारीच्या गार दिवसांत. तेव्हा पहाटे वीट पार चिंब करायची, इतकी की दुपारपर्यंत ओल राहील, आणि संध्याकाळी मात्र कोरडी होऊ द्यायची. अशाने कमाईला सगळा दिवस मिळतो आणि उबदार रात्रीचा खर्च वाचतो. मार्च उजाडला की हात आखडता घ्या. एप्रिल-मेमध्ये त्याला झोपू द्या. ते तपकिरी पडेल, चुरमुरेल. घाबरून पाणी घालत सुटू नका.

पाण्याबद्दल एक गोष्ट या गावात विशेष सांगायला हवी. भाईंदर हे मिठागरांचं गाव, आणि मीठ म्हणजे मॉसचा शत्रू. समुद्राच्या पाण्यात राहणारं मॉस जगात कुठेच नाही. मोठ्या झाडांमध्ये तिवरं खाऱ्या चिखलात उभी राहायला शिकली, मॉसला ते जमलं नाही. ज्याच्या अंगावर कवचच नाही त्याच्या पेशींतलं पाणी मीठ सरळ ओढून घेतं. नळाचं पाणी नदीचं असतं, ते चालतं. पण टँकरचं पाणी खाडीजवळच्या बोअरवेलचं असेल, तर विटेवर पांढरे डाग दिसू लागतील आणि मॉसची टोकं करपतील. पावसाळ्यात दोन-चार कॅन भरून झाकून ठेवा. एका विटेला हिवाळाभर पुरतं.

आता त्याच्याकडे बघायला शिका. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरेसं आहे, मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्सही चालते. पाऊस सरता सरता काही रोपांच्या डोक्यावर केसाएवढे दांडे उभे राहिलेले दिसतील आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक कुपी. हा दांडा त्या रोपाचा अवयव वाटतो, पण ती त्याची पुढची पिढी आहे. आईच्या डोक्यावर उभी राहून, तिच्याकडूनच अन्नपाणी घेत वाढलेली. आपल्याला दिसणाऱ्या हिरव्या मॉसच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. दांडा आणि कुपी यांत दोन. आपल्या शरीरात एका संचाचं आयुष्य फक्त बीज पेशींपुरतं, क्षणभराचं. मॉसने तीच अवस्था मोठी केली, तिला पानं दिली, तिच्यातच आयुष्य काढलं.

त्या पुढच्या पिढीसाठी नराच्या पेशींना पोहत मादीपर्यंत जावं लागतं. त्यांना खरोखरच शेपट्या असतात. पाण्याचा पातळ पापुद्रा मोडला की प्रवास थांबतो. पावसाचा टपोरा थेंब पडून उडालेले शिंतोडे मदतीला येतात. आणि आणखी कुणीतरी येतं. २००६ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मातीतले टाचणीच्या टोकाएवढे उड्या मारणारे कीटकसदृश जीव, स्प्रिंगटेल, या पेशी अंगावर घेऊन एका रोपाकडून दुसऱ्याकडे पोचवतात. मग २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की एक मॉस त्यांना बोलवायला गंधही सोडतं. फुलं आणि मधमाश्या पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीपासून ज्यांची घराणी इथे नांदत आहेत, त्यांच्यात हा व्यवहार चालतो.

कुपी पिकली की तिचं झाकण गळून पडतं. बऱ्याच मॉसमध्ये झाकणाखाली दातांची वर्तुळाकार रांग असते. हवेतली ओल वाढली की दात मिटतात, हवा कोरडी झाली की उघडतात, आणि असं उघडझाप करत बीजाणू थोडेथोडे वाऱ्यावर सोडले जातात. त्या दातांत जीव नसतो. मेलेल्या पेशींच्या भिंती फक्त ओल शोषून वाकतात. भिंगाखाली कुपी धरून तिच्यावर हलकेच फुंकर घाला. तुमच्या श्वासातल्या ओलीनेही दात हलतात. फ्युनारिया नावाच्या मॉसमध्ये तर अख्खा दांडाच ओल लागली की पीळ सोडत गरगर फिरतो. आपल्या शाळेच्या पुस्तकात फ्युनारियाचं चित्र असतं, पण तो फिरतो हे सांगितलं असतं, तर किती मुलं वर्गातून उठून भिंतीकडे धावली असती!

मॉस पिळून निघालेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायला मिळाला तर सोडू नका. त्या गादीत एक अख्खी वस्ती असते: आठ पायांची, डुलत चालणारी जलअस्वलं, डोक्यावर चक्रं फिरवल्यासारखे दिसणारे रोटिफर, सूत्रकृमी. मॉस वाळलं की तेही त्याच्याबरोबर वाळतात, आणि जागं झालं की जागे होतात. १७०२ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लेवेनहुकने छपराच्या पन्हळीतली कोरडी धूळ घेतली, तीत पाणी घातलं, आणि थोड्या वेळात त्याला पोहणारे जीव दिसले. त्याच्यासारखा प्रयोग भाईंदरच्या कुठल्याही गच्चीवर करता येईल. पन्हळ हवी आणि धूळ हवी, आणि दोन्ही आपल्याकडे आहेत.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतील, हे सगळं ठीक, पण भिंतीचं काय? त्यांची काळजी खोटी नाही. मॉसचे तंतू भिंत फोडत नाहीत, मुळं त्याला नाहीतच. पण मॉस म्हणजे तिथे पाणी मुरतंय याची खूण, आणि ते स्वतःही ओल धरून ठेवतं. शिवाय ते जागा तयार करतं. त्याच्या गादीत धूळ साचते, कुजलेलं साचतं, चिमूटभर माती होते. मग त्या मातीत नेचा उगवतो, आणि एखाद्या दिवशी साळुंकीच्या विष्ठेतून पिंपळाचं बी येऊन पडतं. भिंत फोडणारा तो पिंपळ. वसईच्या किल्ल्याच्या तटावर हा क्रम आज उघड दिसतो. म्हणून मी म्हणेन, इमारतीच्या भिंतीवरचं मॉस काढायला हरकत नाही, पण आधी गळती काढा. आणि कंपाउंडच्या भिंतीवर, बागेतल्या चौथऱ्यावर, विहिरीच्या कठड्यावर असेल तर ते राहू द्या, तिथे ते कुणाचं काही बिघडवत नाही.

क्योटोच्या साईहो-जी मंदिरातली बाग जगभरात मॉससाठी ओळखली जाते. तिथे शंभराहून अधिक प्रकारचं मॉस आहे. पण १३३९ मध्ये मुसो सोसेकी यांनी ती बाग नव्याने आखली, तेव्हा त्यात मॉसची योजना नव्हती. पुढच्या शतकांत बागेकडे दुर्लक्ष झालं आणि ओलसर सावलीत मॉस आपलं आपण पसरलं. नैनीतालजवळ खुर्पाताल इथे उत्तराखंडच्या वनखात्याने २०२० मध्ये मॉसची बाग खुली केली. गार हवेच्या डोंगरात ती शोभते. आपल्याकडे मॉलमध्ये आणि ऑफिसांमध्ये जी ‘मॉस वॉल’ दिसते, ती बहुतेक वेळा मॉस नसतेच. रेनडिअर लायकेन, म्हणजे दगडफुलाचा एक प्रकार, ग्लिसरीनमध्ये मुरवून रंगवलेलं असतं. ते मेलेलं आहे, म्हणून त्याला काही लागत नाही.

आपल्या भागातल्या मॉसची नोंद झालेली नाही असं मुळीच नाही. जी. टी. दाभाडे यांचं खंडाळा आणि महाबळेश्वरच्या मॉसवरचं पुस्तक १९९८ मध्ये आलं, आणि उत्तर कोकणातल्या मॉस व त्याच्या भाईबंदांवर चौधरी, शर्मा आणि भगोरा यांचं पुस्तक २००८ मध्ये. पण या शहरात गेल्या वीस वर्षांत जुन्या भिंती पडल्या, टॉवर उभे राहिले, खाडीकाठ बदलला. आज इथे कुठली मॉस उरली आहेत, याची यादी घराघरांतून होऊ शकते, आणि त्यासाठी फुलझाडांसारखं दाबून वाळवायचीही गरज नाही. चिमूटभर मॉस सावलीत वाळवा, कागदाची घडी घालून केलेल्या पाकिटात ठेवा. पाकिटावर तारीख, इमारत किंवा रस्ता, आणि ते कशावर उगवलं होतं ते लिहा: सिमेंट, वीट, जांभा, नारळाचं खोड की माती. कुपी असतील तर त्याही सोबत असू द्या, ओळख पटवायला त्यांचाच आधार लागतो. मुर्धा, राई, मोर्वा गावांतल्या जुन्या घरांपासून सुरुवात करा, तिथले चौथरे इमारतींहून म्हातारे आहेत.